बॉनेटखालचं पुस्तक

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

नव्या मोटारीबरोबर एक जाडजूड पुस्तिका मिळते. ती समोरच्या कप्प्यात जाते आणि गाडी विकली जाईपर्यंत बहुधा तिथेच पडून राहते. कधी उघडलीच, तर पट्टा कसा बांधायचा, टायरमध्ये हवा किती भरायची, घड्याळ कसं लावायचं, हे सगळं तिच्यात सविस्तर सापडतं. इंजिनाचा विषय निघाला, की मात्र तिचा सूर एकदम बदलतो. अधिकृत सेवा केंद्राकडे जा, एवढंच ती सांगते.

आता तिच्या शेजारी फोर्ड कंपनीची जुनी पुस्तिका ठेवून बघा. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची, मॉडेल टी गाडीबरोबर दिली जाणारी. ती चक्क प्रश्नोत्तरांत लिहिलेली आहे. मालकानं विचारायचं आणि कंपनीनं सांगायचं. इंजिनात साठलेला कार्बन कसा काढायचा, व्हॉल्व्ह घासून पुन्हा घट्ट कसे बसवायचे, हेही त्यात आहे. आज व्हॉल्व्ह घासा असं कुणी मालकाला सांगितलं, तर तो गाडीच परत करील!

शंभर वर्षांत माणसं अडाणी झाली, असं काही म्हणता येणार नाही. मग गाडी दुरुस्त करण्याचं पुस्तक मालकाच्या हातून गेलं कुठे, आणि मधल्या काळात ते काहींनी परत मिळवलं ते कसं, हे आज थोडं पाहू या.

फोर्डचा हा मोकळेपणा काही दानधर्म नव्हता. मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात तयार झाली आणि तिच्या दीड कोटी गाड्या निघाल्या. त्यातल्या कितीतरी अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत, शेतकऱ्यांच्या घरी गेल्या. तिथे गॅरेज नव्हतं. गाडी बंद पडली तर जवळचा कारागीर म्हणजे गावचा लोहार. शेतकरीही असा, की गाडीचं मागचं चाक उचलून त्याला पट्टा लावायचा आणि त्यावर लाकूड कापायची करवत चालवायचा. अशा गिऱ्हाइकाला गाडी विकायची, तर तिचं पोट उघडून दाखवणं भागच होतं.

पुढे विक्रेत्यांचं जाळं पसरलं, त्यांच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या, आणि १९२५मध्ये फोर्डनं एक वेगळाच ग्रंथ काढला. तो मालकासाठी नव्हताच. कार्यशाळेतल्या कामगारांनी कोणतं काम कोणत्या क्रमानं करायचं, कोणतं खास हत्यार कुठे वापरायचं, याचं ते शास्त्र होतं. पुस्तक फार चांगलं होतं, पण वाटणी इथेच झाली. एक पुस्तिका मालकाची, पातळ होत जाणारी. दुसरा ग्रंथ कार्यशाळेचा, जाड होत जाणारा आणि कपाटात राहणारा. फोर्डचं नाव घेतलं कारण त्याचे कागद ठळक आहेत. पुढे जवळपास सगळ्याच कंपन्या त्याच वाटेनं गेल्या.

दुसऱ्या महायुद्धानं या वाटणीला धक्का दिला. शेतातून, दुकानातून, शाळेतून उचललेल्या लाखो पोरांच्या हाती अमेरिकी लष्करानं जीपगाड्या दिल्या. या पोरांना शिकवायला उस्ताद कुठून आणणार? मग पुस्तकं आली. जीपचं लष्करी पुस्तक २२ फेब्रुवारी १९४४ या तारखेचं आहे. टीएम ९-८०३ हा त्याचा क्रमांक, आणि जुन्या जीपचे षौकीन आजही तो पाठ म्हणून दाखवतात. निघण्यापूर्वी काय बघायचं, चालवताना कशाकडे कान द्यायचा, थांबल्यावर कुठे हात लावून बघायचं, परत आल्यावर काय करायचं, असा त्यात चालकाचा दिवसभराचा नेम घालून दिलेला आहे. एखाद्या व्रताच्या पोथीसारखा!

पण पोथी वाचतो कोण? लष्करालाही हा प्रश्न पडलाच. तेव्हा त्यांनी विल आइस्नर या चित्रकाराला कामाला लावलं. 'स्पिरिट' या चित्रकथामालेमुळे तो आधीच नावाजलेला होता. युद्धकाळात त्यानं लष्कराच्या वाहनविषयक मासिकासाठी चित्रं काढली आणि १९५१पासून 'पीएस' नावाच्या मासिकात सुमारे वीस वर्षं तेच केलं. ग्रीस न घातल्यानं काय होतं, हे तो गोष्ट सांगून, विनोद करून, चित्रांतून दाखवायचा. वरिष्ठांच्या भाषेत लिहिलेल्या आदेशापेक्षा साध्या सैनिकाच्या भाषेतलं चित्र अधिक काम करतं, हे त्यातून दिसलं. लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवला, की पुस्तकाचं रूपच बदलतं.

आता आपण ज्या माणसाकडे येतो, त्यानं हे काम लष्कराच्या हुकमावाचून केलं. जॉन हेन्स त्याचं नाव. १९३८ साली सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत जन्मला. वडील चहाच्या मळ्याचे व्यवस्थापक. शिक्षणासाठी मुलाला इंग्लंडच्या निवासी शाळेत धाडलं. तिथे खेळाच्या तासाला सगळी मुलं रग्बी खेळायची, आणि या पठ्ठ्यानं त्यातून सूट मिळवली, ती मोटार बनवण्यासाठी! ऑस्टिन सेव्हन नावाची १९२०-३०च्या दशकांतली छोटी गाडी तेव्हा भंगारात स्वस्त मिळायची. तिचा सांगाडा आणि इंजिन ठेवून वर आपल्या मनाची हलकी बॉडी चढवायची, हा त्या काळच्या इंग्लिश तरुणांचा मोठा छंद होता. लोटस कंपनीचा कॉलिन चॅपमन याचीही सुरुवात अशाच ऑस्टिन सेव्हनपासून झाली. हेन्सनं आपली गाडी बनवली आणि विकायला काढली, तर चौकशा करणारे इतके आले, की गाडीइतकीच ती बनवली कशी याचीही माणसांना भूक आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं कृती लिहून काढली, चित्रं काढली आणि १९५६मध्ये छोटी पुस्तिका केली. अडीचशे प्रती दहा दिवसांत संपल्या.

पुढे तो ब्रिटिश हवाई दलात गेला आणि १९६५च्या सुमारास त्याची नेमणूक एडनला झाली. हे एडन एके काळी, १९३२पर्यंत, आपल्या मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं. हे जाता जाता सांगितलं. तिथे एका सहकाऱ्यानं ऑस्टिन-हीली स्प्राइट ही जुनी गाडी घेतली. पुढचे दिवे बॉनेटवर बेडकाच्या डोळ्यांसारखे आलेली ती लहानगी स्पोर्ट्स गाडी. तिची अवस्था वाईट होती. दोघांनी कंपनीचं पुस्तक मागवलं आणि डोक्याला हात लावला. पुस्तक चुकीचं नव्हतं. ते त्यांच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. शिकलेल्या फिटरला जे ठाऊक असतं ते त्यात गाळलेलं, आणि जी हत्यारं फक्त कंपनीच्या कार्यशाळेत असतात ती गृहीत धरलेली.

तेव्हा दोघांनी गाडी पूर्ण उघडली, पुन्हा जोडली, आणि प्रत्येक पायरीला छायाचित्र घेतलं. त्यातून १९६६मध्ये हेन्सचं पहिलं दुरुस्ती-पुस्तक निघालं. तीन हजार प्रती तीन महिन्यांत खपल्या. मग हाच नियम ठरला. गाडी घ्यायची, शेवटच्या नटापर्यंत उघडायची, पुन्हा जोडायची आणि मगच लिहायचं. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या स्पार्कफर्ड गावी हे काम चालायचं. कंपनीचं खास हत्यार लागलं, तर ते नसताना घरगुती साधनांत कसं भागवायचं हे शोधून काढायचं आणि तेही लिहायचं. जॉन हेन्स २०१९मध्ये वारला. तोवर त्याच्या कंपनीची पुस्तकं जगभर वीस कोटींहून अधिक खपली होती.

या पुस्तकांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक लहानशी खूण. प्रत्येक कामाच्या मथळ्याशी पान्यांची चित्रं असतात. एक पाना म्हणजे नवख्यानंही करावं. पाच पाने म्हणजे जाणत्याचं काम. वाचणाऱ्याला आधीच सांगून टाकलेलं असतं, की बाबा रे, इथे तुझा निभाव लागणं कठीण आहे. सगळं सोपं आहे असं सांगणारी पुस्तकं पुष्कळ असतात. आपली मर्यादा ओळखायला मदत करणारी थोडी. अर्थात हेन्सचीही थट्टा झाली. भाग बसवताना काढण्याचा क्रम उलटा करावा, अशा अर्थाचं त्याचं एक ठरावीक वाक्य इंग्लंडात विनोदाचा विषय झालं. गंजलेला बोल्ट काढताना जो मोडला, त्याचा क्रम उलटा कसा करायचा?

ज्या सुमारास हेन्स इंग्लंडात स्थिरावत होता, त्याच सुमारास अमेरिकेत जॉन म्यूर नावाच्या गृहस्थानं अगदी वेगळ्या स्वभावाचं पुस्तक लिहिलं. हा मूळचा इंजिनिअर. नोकरीला रामराम ठोकून न्यू मेक्सिको राज्यातल्या ताओस इथे केस वाढवून गाड्या दुरुस्त करत बसला. तिथल्या तरुण मंडळींकडे फोक्सवॅगन बीटल असायची, कारण ती स्वस्त होती. गाडी होती, पैसे नव्हते. म्यूरनं १९६९मध्ये, फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी, असं पुस्तक काढलं आणि उपशीर्षकातच जाहीर केलं, की हे अगदी ठार अडाण्यासाठी आहे. पीटर आश्वांडेन या चित्रकाराची त्यातली चित्रं बघावीत अशी आहेत. पुस्तकाची बांधणी तारेची, म्हणजे ते गाडीखाली जमिनीवर उघडं राहतं, मिटत नाही, ग्रीसच्या हातानं पुन्हा पुन्हा धरावं लागत नाही. ही युक्ती सुचायला स्वतः गाडीखाली झोपलेला माणूसच लागतो.

म्यूर वाचकाशी गप्पा मारतो. घाबरलेल्याला धीर देतो, उतावळ्याला थोपवतो. काम सुरू करण्याआधी कृती शेवटपर्यंत वाचून काढायला लावतो. आपल्याकडे पाककृतीच्या पुस्तकांना हा सल्ला शोभतो. पदार्थ अर्धा झाल्यावर भिजवलेली डाळ लागते हे कळून उपयोग काय? त्या पुस्तकाच्या वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. म्यूर १९७७मध्ये वारला, पण नंतरही त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

तरीही सगळं पुस्तकात मावत नाही. बीटलचंच उदाहरण घ्या. तिच्या चार सिलिंडरांपैकी तिसऱ्याचा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळतो, ही गोष्ट बीटलवाल्यांत तोंडोतोंडी पसरलेली. कारणही साधं. इंजिन हवेनं थंड होणारं, आणि तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या आवरणात बरोबर त्या बाजूच्या वाटेत बसवलेला. त्यामुळे तिसऱ्या सिलिंडरपर्यंत पोचणारी हवा आधीच तापलेली. कंपनीनं १९७१च्या मॉडेलपासून तो कूलर बाजूला सरकवला. एका गाडीवरून असलं काही कळत नाही. शंभर इंजिनं उघडणाऱ्यांनी एकमेकांशी बोलावं लागतं. म्हणून तर एकाच गाडीच्या मालकांचे क्लब निघाले. ऑस्टिन सेव्हनवाल्यांचा ७५० मोटर क्लब १९३९चा आहे. त्यांची पत्रकं, मासिकांतला पत्रव्यवहार आणि अलीकडे इंटरनेट, ही त्या एकाच पारावरच्या गप्पांची निरनिराळी रूपं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाऱ्याला मॉरिस ऑक्सफर्डची अँबॅसडर झाली आणि २०१४पर्यंत निघत राहिली. तीस-चाळीस वर्षं देशभर मुख्यतः या दोनच मोटारी. त्या वापरणाऱ्या किती जणांनी कंपनीचं दुरुस्ती-पुस्तक डोळ्यांनी पाहिलं असेल? गॅरेजात पुस्तक नव्हतं. तिथे उस्ताद होता आणि पाना आणून देणारा पोऱ्या होता. पोऱ्या आधी दोन वर्षं भाग धुवायचा, मग नट ओळखायचा, मग आवाज. हेडचे बोल्ट किती आवळायचे, हे त्याला पौंडांत माहीत नसायचं, मनगटात माहीत असायचं.

पुस्तकं इंग्रजीत आणि गॅरेज हिंदी-मराठीत, ही अडचण होतीच. पण गॅरेजनं आपली भाषा बनवली आणि ती मोठी मजेदार आहे. जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. हे वेल्समधल्या लनेली गावच्या एका कंपनीचं नाव. तिनं विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाक विकायला काढलं होतं. तिकडे ते नाव केव्हाच मागे पडलं, इकडे आपण धरून बसलो. डिस्ट्रिब्युटरला कित्येक मेकॅनिक डेल्को म्हणतात, तेही एका अमेरिकी कंपनीचंच नाव. कंपनीचं पुस्तक आपल्यापर्यंत आलं नाही, पण भागावर कोरलेलं नाव आलं आणि तेच शब्द म्हणून रुजलं.

या उस्ताद-परंपरेचं कौतुक अलीकडे फार होतं. जुगाड म्हटलं, की आपली छाती फुगते. माझं मत थोडं वेगळं आहे. सुटा भाग बाजारात नाही, आला तर परवडत नाही, म्हणून घासून, वितळवून, वळवून भाग तयार करणारे हात विलक्षण होते, यात शंका नाही. पण जे मनगटात होतं ते कागदावर आलं नाही, म्हणून ते मनगटाबरोबर गेलं. हेन्स आणि म्यूर आपल्या उस्तादांहून थोर कारागीर होते, असं मला वाटत नाही. ते लिहून ठेवत होते, एवढाच फरक. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेलेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. त्या हजारो गाड्यांनी मुंबईच्या पावसात, खड्ड्यांत, उकाड्यात काय काय शिकवलं असेल! मराठीत त्याचं एखादं पुस्तक असायला हवं होतं.

दरम्यान गाडीच बदलली. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून प्रत्येक मोटारीत ठरावीक नमुन्याची एक खाच सक्तीची झाली. तिला यंत्र जोडलं, की गाडी आपलं दुखणं आकड्यांत सांगते. मूळ हेतू धुरावर नियंत्रण ठेवण्याचा. पण दुखण्याची भाषा यंत्राची झाली, की ते यंत्र आणि त्याचा शब्दकोश कुणाकडे, हा प्रश्न आला. बाहेरच्या गॅरेजांना ही माहिती मिळालीच पाहिजे, असे नियम युरोपनं २००२मध्ये केले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२मध्ये त्यासाठी कायदा केला.

आपल्याकडेही हे प्रकरण गाजलं. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तकं आणि दोष शोधणारी यंत्रं स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. दंडाविरुद्ध अपिलं झाली, तो वाद पुढे चालू राहिला. पण त्या चौदा नावांत अँबॅसडरवाली हिंदुस्थान मोटर्सही होती आणि फियाटही. ज्यांच्या गाड्या आपल्या रस्त्याकडेच्या गॅरेजांनी पुस्तकाशिवाय पन्नास वर्षं चालवून दाखवल्या, तीच ही नावं! २०२२मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस एक संकेतस्थळही सुरू केलं. त्यात मोटारींचा विषय घेतलेला आहे. हेन्स कंपनीनं मात्र २०२०मध्ये सांगून टाकलं, की नव्या गाड्यांची पुस्तकं आता छापणार नाही.

यातून एक विचित्र उलटापालट झाली आहे. अमेरिकी सरकारच्या कागदपत्रांवर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे १९४४चं ते जीपचं पुस्तक कुणीही छापावं, कुणीही वाटावं. ऐंशी वर्षांच्या जीपचा मालक रविवारी सकाळी ते उघडून बसतो आणि प्रत्येक नट त्याला पानावर सापडतो. पंधरा वर्षांच्या गाडीचा मालक तेवढा नशीबवान नाही. तिचं इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा बिघडला, की गॅरेजवाला त्याला जुना डबा आणायला पुण्याच्या नाना पेठेत नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पाठवतो. डबा मिळतो, तो बसतोही. सगळ्या तारा जोडून किल्ली फिरवावी, तर गाडी सुरू होत नाही. डबा दुसऱ्या गाडीचा आहे आणि त्याला या किल्लीची ओळख पटत नाही.